दुसरा हात मोकळा

अण्णा गेल्यावर चार दिवसांनी बेंगळूरहून त्यांच्या मुलाचा, महावीरचा, फोन आला. कसं झालं, कवा झालं ते सांगून झाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "ताई, अण्णांचा एखादा चांगला फोटो पाठवा की. आमच्याकडं फकस्त आधार कार्डावरचा हाय. तोच मोठा करून लावलाय. आई म्हणती, हे कोण परकं माणूस आणून बसवलंय घरात."

मी म्हटलं, पाठवते. फोन ठेवला आणि शोधायला बसले.

माझ्याकडे फोटो नीट लावून ठेवलेले असतात. कुपवाडच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर पार्टची मापं घेणं, लिहिणं, नंबर टाकणं हेच काम, त्यामुळे ती सवय घरीही लागलेली. वाई, माहुली, कराड, औदुंबर, हरिपूर, प्रत्येक घाटाचं वेगळं फोल्डर. सगळी उघडली. एका फोटोच्या कडेला अण्णांचं कोपर आहे. एकात पायरीवर त्यांची सावली पडलीय, टोपीसकट. औदुंबरला त्यांच्या चपला आहेत, एकीचा अंगठा शिवलेला. तोंड कुठंच नाही.

सांगलीच्या गावभागात ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांची तोंडं टिपली, त्याचं तोंड कुणाकडेच नाही. आणि पाच वर्षं त्याच्याबरोबर गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडलेली मी. महावीरला काय तोंडानं सांगू?

म्हणून हे लिहितेय.

बाळगोंडा मगदूम हे त्यांचं नाव, पण ते फक्त लाइट बिलावर. बाकी सगळ्यांचे अण्णाच. पांढरा पायजमा, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी. शर्टाला आतून काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक खिसा शिवलेला असायचा, त्यात कॅमेऱ्याची जादा बॅटरी. मेमरी कार्ड कुंकवाच्या रिकाम्या डबीत. लेन्स पुसायला पाणी गाळायच्या जुन्या फडक्याचा तुकडा. "हे फडकं चाळीस वर्षं पाणी गाळून मऊ झालंय," म्हणायचे. "दुकानातलं कापड एवढं शिकलेलं नसतंय."

पहिल्यांदा मी त्यांच्या फोटो स्टुडिओत गेले ती कॉलेजच्या फॉर्मला फोटो काढायला. कवठे महांकाळजवळच्या आमच्या वाडीतून, आमच्या घरातून, कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायची आणि आजही सांगते, त्यात लाजायचं काय? स्टुलावर मान ताठ करून बसले. अण्णांनी कॅमेऱ्यामागून डोकं काढलं.

"हनवटी खाली घे गं पोरी. कॉलेजात चाललीस, लढाईला न्हाई."

मी हनुवटी खाली घेतली नाही. त्यांनी तसाच काढला. तो फोटो माझ्या डिग्रीच्या फाइलीत अजून आहे. चांगला आलाय.

पुढे बी.एस्सी. झाले, नोकरी लागली आणि फोटोग्राफीचं वेड लागलं. माझा धाकटा भाऊ मिलिटरीत, तेव्हा लडाखला होता. तिकडे फिरायला जायचं ठरवलं आणि कॅमेऱ्याचं सामान घ्यायचं म्हणून महिनाभर व्हिडिओ बघून एक यादी केली. मोठी बॉडी, तीन लेन्स, त्यातली एक लांबची, ट्रायपॉड, फ्लॅश, सगळं बसेल अशी बॅग. प्रत्येक वस्तूपुढे ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं, कंपनीत लिहितो तसं. एका माहितगाराचं मत घ्यावं म्हणून ती यादी घेऊन अण्णांकडे गेले.

आत शिरले तर स्टुडिओ ओळखू येईना. छत्र्या नाहीत, दिव्यांचे स्टँड नाहीत. भिंतीला छातीच्या उंचीवर महापुराच्या पाण्याची रेघ तशीच ठेवलेली, रंग त्याच्या वर. टेबलावर एक लहानसा कॅमेरा, तळहातात मावेल असा.

अण्णांनी चष्मा लावून माझी यादी शेवटपर्यंत वाचली आणि हसले.

"लय अभ्यास केलायस."

"मग काय अण्णा."

"ग्रॅम ग्रॅम करत किलो कवा झालं, कळलं का तुला?"

"साडेसहा. बेरीज केलीय खाली."

ते उठले, मला घेऊन समोरच्या वाण्याकडे गेले आणि म्हणाले, "हिला साडेसहा किलो ज्वारी दे. संध्याकाळी परत आणून दील." वाण्यानं काही विचारलं नाही. त्याला सवय असावी. ती ज्वारी त्यांनी माझ्या सॅकमध्ये भरायला लावली. "आता हरिपूरला जाऊन संगम बघून ये. चालत. मी इथंच हाय."

मला राग आला. शेतकऱ्याची पोर मी, कडब्याचे भारे वाहिलेत. म्हटलंसुद्धा, "आवं अण्णा, यापरीस दुप्पट वजन डोक्यावर घेऊन मी मैलभर चालल्येय."

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "मग सांग, भारा डोक्यावर असताना वाटंत काय काय दिसायचं?"

भारा डोक्यावर असताना आपल्या पायाचे अंगठे दिसतात. पुढचीच्या टाचा दिसतात. दुसरं काही नाही.

तरी गेले, हट्टानं. चिंचेच्या झाडांखालून गेले आणि त्याच रस्त्यानं परत आले. अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काय बघितलंस?"

"चिंचा."

"आन्?"

"संगम."

"हळदीच्या पेवाच्या तोंडाशी एक म्हातारा बसतोय, खाली उतरलेल्या माणसाशी गप्पा मारत. लांबनं बघितलं तर जमिनीशीच बोलतोय असं वाटतं. दिसला?"

"न्हाई."

"शाळेच्या भिंतीवर लाल परकर वाळत टाकत्यात रोज. कोण टाकतंय कुणास ठाऊक. त्यो?"

मी मान हलवली. मग त्यांनी माझी यादी उलटी केली आणि मागे पेन्सिलीनं लिहिलं. एक कॅमेरा. दोन लेन्स. बॅटरी दोन. एक रिकामी पिशवी. खाली रेघ मारून म्हणाले, "वजन काट्यावर बघू नगं. सगळं सामान एका हातात धरून जिना चढून बघ. दुसरा हात मोकळा राहिला तर ते सामान. न्हाईतर मग तो भारा."

"दुसऱ्या हातानं काय करायचं?"

"ते तवा कळतंय."

रिकामी पिशवी म्हणजे वीतभर लांबीची, तोंडाला नाडी असलेली. अण्णा कधी ट्रायपॉड वापरत नसत. नदीवर पोचलं की पिशवीत वाळू भरायची, पायरीवर ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा टेकवायचा. निघताना वाळू परत पाण्याच्या कडेला ओतायची. एकदा मला घाई होती, मी पिशवी तशीच सॅकमध्ये टाकली. कराडच्या स्टँडवर ते लक्षात आल्यावर त्यांनी मला ती रिकामी करायला घाटावर परत पाठवलं. आमची एस.टी. चुकली. "नदीचं नदीला," एवढंच म्हणाले आणि पुढच्या गाडीपर्यंत शेंगा सोलत बसले.

लडाखला मी त्यांच्या यादीप्रमाणे गेले. आल्यावर फोटो दाखवले. बर्फ, आभाळ, निळं पाणी. अण्णांनी सगळे बघितले आणि विचारलं, "डोंगार बरं हायत. तिथं तुला च्या कुणी दिला?"

"एक बाई होती. तंबूत."

"तिचा कुठाय?"

नव्हता.

त्यानंतर आमचं सुट्टीच्या दिवशी हिंडणं सुरू झालं. वाईपासून हरिपूरपर्यंत कृष्णेचा एकेक घाट करायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पहाटेची एस.टी., खिडकीची जागा मला, आणि अण्णांच्या मांडीवर डबा. कॅमेरा पायाशी, डबा मांडीवर. अण्णा जैन, बाहेरचं काही खात नसत. कांदा-बटाटा नाही, सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही. त्यात साखरेचा आजार. फार लवकर जेवले तर पहाटेपर्यंत साखर उतरायची, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाउजेडी जेवायचं तर जेवा, पण होता होईल तेवढं उशिरा. मग उरला सूर्यास्ताच्या अलीकडचा अर्धा तास.

फोटोग्राफी करणाऱ्याला सांगायला नको, तो अर्धा तास म्हणजे काय. दिवसभर ज्या उजेडाची वाट बघायची, तो त्याच वेळी येतो. माहुलीला पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं. कृष्णा-वेण्णेच्या पाण्यावर तांबूस ऊन आलं, देवळाचे दगड आतून पेटल्यासारखे दिसायला लागले, मी धावत कॅमेरा काढला आणि बघते तर अण्णा पायरीवर बसून डबा सोडताहेत.

"आवं अण्णा, उजेड चाललाय!"

"चालू दे की. आपल्याला इचारून आलाता का?"

त्यांनी भाकरी मोडली. मुगाची आमटी, वाटीत दही. अगदी सावकाश खायचे. समोर पाणी, आणि सगळं ऊन त्यांच्या तोंडावर. कपाळावरच्या आठ्या, पांढरे खुंट, डाव्या भुवईतला एक लांब केस, सगळं सोन्यात बुडवून काढल्यासारखं. मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी घास तसाच हातात ठेवला आणि मान हलवली.

"घास हातात असलेल्या माणसाचा फोटो काढू नये. त्या टायमाला माणूस कुणाचाच नसतोय. पोटाचा असतोय निस्ता."

हा त्यांचा जुना कायदा. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचे तेव्हाही पंगतीचे फोटो काढत नसत. एकदा तर नवरा-नवरीनं एकमेकांना घास भरवतानाचा फोटो काढायला नाही म्हणाले होते. नवऱ्याचा मामा तापला, "फोटोवाला हाईस का पुजारी?" अण्णा म्हणाले, "भरवून होऊ द्या. तोंड पुसा. मग हसा, तवा काढतो." आणि तसाच काढला. काकू सांगायच्या, तो फोटो त्या घरात अजून दर्शनी भिंतीला आहे.

मग आमचा रिवाजच पडला. अण्णा जेवायचे, मी फोटो काढायची. हात धुऊन, तोंड पुसून ते येईपर्यंत ऊन गेलेलं असायचं. माझ्या शेजारी बसून ते स्क्रीनवर तो उजेड बघायचे. एकदा म्हणाले, "माझ्या वाट्याचा संध्याकाळचा उजेड तुझ्याकडंच जमा हाय बग." चेष्टेत म्हणाले. मीही हसले.

दिवसा काढायला गेलं तर हात आडवा करायचे. "माझ्या तोंडाला काय सोनं लागलंय? घाट बघ." मला कधी सांगता आलं नाही की लागतं, रोज लागतं, नेमकं तुम्ही जेवायला बसता तेव्हा. म्हटलं, काढू कधीतरी. कुठं पळून चाललेत.

माझ्या हातून एक चूक झाली, ती इथं सांगितली पाहिजे. मला बढती मिळाली तेव्हा मी अण्णांसाठी एक लेन्स आणली. लांबची, झूमवाली, जड. त्यांच्या जुन्या दोन लेन्सपैकी एकीत बुरशी धरायला लागली होती आणि दुसरी होती ती वाटीएवढी, चपटी. तिच्यात झूम नाही. "जवळचं पायजे तर जवळ जायाचं, आन् इचारायचं," म्हणायचे. मला वाटलं, घाटाच्या पायऱ्या चढताना आता त्यांना धाप लागते, तर ही बरी. खोकं दिलं. अण्णांनी उघडलं, लेन्स हातात धरली, बराच वेळ धरली. "झ्याक हाय," म्हणाले आणि आत गेले.

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "तुला म्हाईत न्हाई का गं? त्येंचा नेम हाय."

त्या दिवशी मला महापुराची गोष्ट कळली. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा अण्णांनी स्टुडिओतलं सामान वरच्या मजल्यावर न्यायला सुरुवात केली. आधी मोठे कॅमेरे. मग लेन्सची पत्र्याची पेटी. मग दिवे, स्टँड, ट्रायपॉड. दोन्ही हात भरून जिना चढायचे आणि रिकामे उतरायचे. खालच्या फळीवर निगेटिव्हची खोकी होती, चाळीस वर्षांची. काकू वरून ओरडत होत्या, आवं ती खोकी आणा. अण्णा म्हणत होते, "ती हलकी हायत. शेवटाला एका खेपंत आणतो." शेवटच्या खेपेला ते जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंतच जाऊ शकले.

पाणी ओसरल्यावर चिखल काढत असताना एक बाई आली. तिचंही घर बुडालं होतं. म्हणाली, "अण्णा, माझ्या आईचा एकच फोटो हुता, तुमीच काढलेला. आमचा गेला. तुमच्याकडं असंल न्हवं?" अण्णांनी तिला बसायला स्टूल दिलं. ती गेल्यावर काकूंना म्हणाले, "मी लोखंड वर न्हेलं आन् माणसं खाली ठेवली."

त्याच चातुर्मासात त्यांनी महाराजांसमोर नेम घेतला. एक कॅमेरा, दोन लेन्स, एका हातात मावेल एवढंच. त्यावर नवी वस्तू आली तर जुनी एक कुणाला तरी द्यायची. बाकीचं सगळं सामान तेव्हाच वाटून टाकलं.

मी बाहेर येऊन म्हटलं, "अण्णा, मला ठाऊक नव्हतं. द्या, दुकानात परत देते."

"दिलेलं परत घेत्यात व्हय? तुमच्यात घेत असतील. आमच्यात न्हाई."

"मग ती बुरशीची देऊन टाका कुणाला तरी."

"खराब झालेली दुसऱ्याला देऊन नेम पाळायचा व्हय? ग्रॅज्युएट हाईस न्हवं तू?"

दुसऱ्या दिवशी ती चपटी लेन्स फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात ठेवली. तिच्या कडेचा काळा रंग बोटांनी घासून गेला होता, आतलं पितळ दिसत होतं. मला ती घ्यायची नव्हती आणि न घेणं शक्य नव्हतं. म्हटलं, "तुमी माझी जड लेन्स घेऊन हिंडणार, आन् तुमची हलकी मी?"

"तुला लांब जायाचंय," ते म्हणाले.

पुढचे दोन घाट त्यांनी माझ्या लेन्सनं केले. बॅग खांद्यावर ओढलेली दिसायची. मी मागितली तर देत नसत. ब्रह्मनाळला एकदा पायरीवर बसून राहिले, उठेनात. म्हणाले, "लेन्स चांगली हाय गं. लांबचं लय जवळ येतंय. इचारायचं तेवढं राहून जातंय."

मग काकूंचे गुडघे गेले. पाऊस जवळ आला की गावभागातल्या घरात जीव मुठीत धरून राहणं त्यांना झेपेना. महावीर येऊन ठरवून गेला, आई-अण्णा बेंगळूरला. घर विकलं. स्टुडिओच्या भिंतीवरची पाण्याची रेघ नव्या मालकानं रंगवून टाकली.

जायच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. थंडीचे दिवस, गाडी साडेपाचनंतरची. सूर्य मावळताना गाडी रस्त्यात असणार, म्हणून अण्णा घरूनच जेवून निघाले होते. स्टँडवर मी रिक्षातून उतरले आणि सामान उचललं. उजव्या हातात अण्णांची कॅमेऱ्याची बॅग, डाव्या हातात काकूंची, डबा आणि पाणी असलेली. माझा कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये, त्यावर ती चपटी लेन्स.

"एक दे इकडं," अण्णा म्हणाले.

"राहू दे की अण्णा. भारे वाहणारी पोर हाय मी."

ते हसले आणि काकूंचा हात धरून पुढे चालायला लागले. मी मागून. उजवा हात ओढला जात होता. माझीच लेन्स होती ती.

महावीरला मी अजून काही कळवलेलं नाही. फोटो नाही म्हणून सांगेन आणि ही पानं पाठवेन. काकूंना वाचून दाखव म्हणेन. पुढचं जे आहे ते काकूंनीही बघितलेलं नाही, त्या तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या.

गाडी स्टँडच्या पश्चिमेच्या टोकाला उभी होती. काकूंना बसवून अण्णा परत खाली उतरले आणि दारापाशी उभे राहिले. छपराखालून ऊन आडवं आलं होतं. माहुलीचं, कराडचं, औदुंबरचं, तेच ऊन. ते सगळं त्यांच्या तोंडावर. कपाळ, खुंट, भुवईतला तो केस. जेवण झालेलं होतं. हातात घास नव्हता. त्यांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, परत घातली, नीट, दोन्ही हातांनी. आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. हात आडवा केला नाही.

मला वाटलं बॅगांसाठी थांबलेत. मी लगबगीनं पुढे झाले. दोन पावलं गेल्यावर कळलं कशासाठी ते.

अण्णांनी आधी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मग डाव्या. मग हसले, यादी वाचून झाल्यावर हसले होते तसे.

"राहू दे," म्हणाले.

पुढे येऊन त्यांनी दोन्ही बॅगा माझ्या हातांतून काढून घेतल्या आणि गाडीत चढले. कंडक्टरनं दार ओढलं. मी सॅक पाठीवरून काढली, चेन ओढली, कॅमेरा हातात येईपर्यंत गाडी फाटकातून वळली होती. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आलेला दिसला. पांढरी बाही, मनगटापर्यंत ऊन. हातात काहीच नव्हतं.